हर्पिसची जुळी भावंडे ओळखायची कशी?

पाचगणी म्हटले की टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा आठवतात. पण आजाऱ्यांना आसरा देणारे गाव अशीही तिची ओळख आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. पुढे रेडक्रॉसकडे आलेल्या या रुग्णालयाने एचआयव्हीबाधितांचीही शुश्रूषा केली. एचआयव्हीची लागण काहींना अधिक सहज का होते? याचे एक उत्तर पुण्यातील संशोधनातून मिळाले, आणि ते हर्पिस विषाणूपाशी जाऊन पोचते.

हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. पहिल्याने बहुधा ओठांवर फोड येतात, दुसऱ्याने बहुधा जननेंद्रियांवर. पण पहिला प्रकारही खाली आढळतो, आणि कित्येकांना तर फोड येतच नाहीत. म्हणून रक्त तपासावे लागते.

विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अडचण अशी, की दोन्ही प्रकारांची प्रथिने इतकी सारखी असतात, की एकासाठी बनलेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. जुळ्या भावांना शेजारी हमखास चुकीची हाक मारतात. आईला मात्र एकाच्या कानामागचा तीळ ठाऊक असतो. विषाणूचा हा तीळ म्हणजे त्याच्या आवरणावरील ‘जी’ नावाचे प्रथिन. ते दोघांत स्पष्टपणे वेगळे असते. चाचणीत दुसऱ्या प्रकारचे ‘जी’ प्रथिन पट्टीवर बसवतात आणि त्यावर रुग्णाच्या रक्तातील द्रव सोडतात. प्रतिपिंडे चिकटली, तर पुढच्या रसायनाने रंग उमटतो.

पुण्यात १९९३ ते २००० या काळात लैंगिक आजारांच्या व स्त्रीरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, एचआयव्ही नसलेल्या २,७३२ जणांचा अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ४३ टक्के लोकांत दुसऱ्या प्रकारची लागण आढळली. ती आधीपासून असलेल्यांना एचआयव्हीचा धोका सुमारे १.७ पट होता, तर नुकतीच झालेल्यांना सुमारे ३.८ पट. फोडांमुळे त्वचेला वाट पडते, आणि एचआयव्हीला ज्या पेशी हव्या असतात त्याच तेथे गोळा होतात.

मग हर्पिसचे औषध दिले की एचआयव्ही टळेल? अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. असायक्लोव्हिरने फोड कमी झाले, पण एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. म्हणून निरोधचा वापर आणि एचआयव्हीची वेळेवर तपासणी यांना पर्याय नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लागणीनंतर प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. घाईची तपासणी फसवू शकते. आणि हर्पिसचा विषाणू जन्मभर शरीरात दडून राहतो. प्रतिपिंडे लागण झाल्याचे सांगतात. केव्हा झाली, कोणाकडून झाली, हे सांगत नाहीत. तेव्हा अहवालाचा कागद हाती धरून घरात कोणावर ठपका ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.