पिकअपचा टर्बो बदलण्यापूर्वी

सोलापूर जिल्ह्याची जुनी ओळख रब्बी ज्वारीचा जिल्हा अशी आहे. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी भागात मालदांडीची रास झाली की पोती घरात रचून ठेवता येत आणि भाव पाहून सवडीने विकता येत. ज्वारी थांबत असे. सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूर भागातील द्राक्षे आणि करमाळ्याची केळी मात्र थांबत नाहीत. तोडणी झाली की माल त्याच रात्री रस्त्याला लागावा लागतो. त्यामुळे बैलगाडीची जागा डिझेल पिकअपने घेतली आहे आणि अनेक कुटुंबांत तिचा हप्ता पीककर्जाइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

डाळिंबाच्या चर्चासत्रानंतर बागायतदार हमखास एक प्रश्न विचारतात, "गाडी ओढत नाही. गॅरेजवाला मोठा टर्बो बसवू म्हणतो. बसवू का?" प्रस्तुत लेखक पीकशास्त्र शिकवतो, गाड्या नव्हे. परंतु हा खर्च खत, औषध आणि मजुरीच्या पैशातूनच होतो. शिवाय गाडी वाटेत बंद पडली तर वर्षभराचे कष्ट रस्त्यावर सडतात. म्हणून या विषयाची नीट माहिती करून घेणे आवश्यक आहे.

टर्बो काय करतो?

इंजिनाची ताकद डिझेलच्या ज्वलनातून येते आणि ज्वलनाला हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून इंजिनाला याहूनही जास्त हवा द्यावी लागते. साधे इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याबरोबर दुसरा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. वाया जाणाऱ्या धुरातील शक्ती वापरण्याच्या या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणजे टर्बोचे आयुष्य इंजिन ऑईलवर अवलंबून असते.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. टर्बो ताकद देत नाही, हवा देतो. ताकद डिझेल देते.

सोलापूरचा उन्हाळा आणि हवा

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि येथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. उंचीमुळे व उष्णतेमुळे हवा विरळ होते. समुद्रकाठच्या १५ अंश तापमानाच्या हवेशी तुलना केली तर मे महिन्यातील दुपारी आपल्याकडे तेवढ्याच आकारमानात सुमारे १४ टक्के हवा कमी असते. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली गाडी थोडी जड वाटली तर तो लगेच टर्बोचा दोष समजू नये.

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना तो गरम होतो, तसेच हे आहे. टर्बोने ४३ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर तिचे तापमान सुमारे १४० अंशांपर्यंत चढते. तापलेली हवा पसरते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी प्रत्यक्ष हवा साधारण दीडपटच भरते. हीच हवा इंटरकूलरमधून ६५ अंशांपर्यंत थंड होऊन आली तर ती पावणेदोन पटीहून जास्त भरते. यावरून ध्यानात येईल की धूळ, चिखल आणि वाळलेल्या किड्यांनी बुजलेला इंटरकूलर स्वच्छ करणे हीच पहिली सुधारणा आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही.

उणे कशाचे आहे ते आधी पाहावे

जर्मन शास्त्रज्ञ लिबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा न्यूनतम घटकाचा नियम आपणास परिचित आहे. पिकाची वाढ सर्वांत कमी असलेल्या घटकावर ठरते. कोरडवाहू ज्वारीला ओल कमी पडत असेल तर युरियाचे दुसरे पोते टाकून उत्पादन वाढत नाही. उलट पैसा जातो.

इंजिनाचेही असेच आहे. नुसता मोठा टर्बो बसवला व डिझेल तेवढेच ठेवले तर ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणून गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या पंपाचे सेटिंग वाढवतात किंवा नव्या कॉमन रेल गाडीच्या संगणकातील आज्ञा बदलतात. डिझेल वाढले की ताकद वाढते, हे खरे. परंतु त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. हेड गॅस्केट, क्लचप्लेट, गिअरबॉक्स आणि रेडिएटर हे सर्व मूळ ताकदीचा हिशोब करून बनवलेले असतात. एक घटक वाढवला की भार पुढच्या कमकुवत घटकावर येतो. नत्र जास्त झालेले पीक हिरवेगार दिसते आणि पहिल्या वाऱ्यात लोळते, तशी ही गत होते.

मोठ्या टर्बोने ॲव्हरेज वाढते, असेही सांगितले जाते. हिशोब करून पाहावा. २० अश्वशक्ती जादा तासभर वापरली तर तेवढ्यासाठी सुमारे साडेचार लिटर डिझेल जादा जळते. ताकद वापरायची आणि डिझेलही वाचवायचे, हे जमत नाही.

शेतरस्ता आणि घाट

मोठ्या टर्बोचा पंखा जड असतो. त्याला वेग घेण्यासाठी जास्त धूर लागतो, म्हणून तो उशिरा जागा होतो. महामार्गावर वेगात हे जाणवत नाही. परंतु आपली पिकअप बागेतून बाहेर निघते ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, काळ्या मातीच्या चाकोरीतून. तेथे कमी फेऱ्यांवर ओढ हवी असते आणि नेमकी तेथेच मोठ्या टर्बोची गाडी आधीपेक्षा मंद होते. चालक मग क्लच अर्धवट दाबून गाडी काढतो आणि क्लचप्लेट जळते.

दुसरा मुद्दा घाटाचा. तुळजापूरकडे माल नेणाऱ्याला घाट चढावा लागतो, हे खरे. परंतु आपला बराचसा माल पुणे व वाशीच्या बाजाराकडे जातो. मुंबईच्या वाटेवर भरलेली गाडी खंडाळ्याचा बोरघाट चढत नाही, उतरते. उतारावर टर्बो उपयोगी पडत नाही. तेथे ब्रेक, टायर, पाटे आणि खालचा गिअर उपयोगी पडतो. मोठ्या टर्बोमुळे "आता गाडी ओढते" म्हणून चार क्विंटल माल जादा भरला जातो, पण ब्रेक मात्र जुनेच राहतात. हा प्रश्न पैशाचा नाही, गाडीतील माणसांच्या जिवाचा आहे.

एक अनुभव

परिचयातील एका बागायतदाराची पिकअप चढाला मंद होऊन काळा धूर टाकू लागली. त्यांनी मोठा टर्बो बसवून घेतला आणि डिझेलही वाढवून घेतले. दोन-अडीच महिने गाडी जोरात चालली. एप्रिलमध्ये हस्त बहराची डाळिंबे भरून जाताना टेंभुर्णीच्या अलीकडे इंजिन तापले आणि हेड गॅस्केट गेले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्या दिवशीचा सौदा हुकला. इंजिन उघडल्यावर मूळ दोषही सापडला. इंटरकूलरकडे जाणारा रबरी होसपाईप खालच्या बाजूने फाटलेला होता. दाबलेली हवा इंजिनात न जाता वाटेतच निघून जात होती. जुना टर्बो चांगला होता.

गाडी ओढत नसेल तर कोणत्या क्रमाने तपासावे?

१) एअर फिल्टर. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर तो लवकर बुजतो. ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता तपासावा. फाटलेला फिल्टर कधीही वापरू नये, कारण धुळीचे कण टर्बोच्या पंख्याची पाती झिजवतात.

२) होसपाईप आणि क्लिपा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी हाताने दाबून, वाकवून खालून पाहावी. इंजिन चालू असताना "फुस्स" असा आवाज येतो का, तेही ऐकावे.

३) इंटरकूलर. बाहेरून कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोराच्या धारेने जाळी वाकते.

४) डिझेल फिल्टर. त्यातील पाणी वेळेवर काढावे.

५) धुराचा रंग. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. मग ते टर्बोतून येते की पिस्टन रिंगांतून, हे तपासून घ्यावे.

६) ब्रेक जाम असणे, टायरमध्ये हवा कमी असणे, क्लच घसरणे. या तिन्ही दोषांत इंजिन ठणठणीत असूनही गाडी ओढत नाही.

७) शेवटी टर्बो. इंजिन थंड असताना हवेची नळी काढून दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल चालते, परंतु दांडा पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो निकामी झाला असे समजावे.

टर्बो खरोखरच गेला असेल तर

कंपनीने त्या इंजिनासाठी दिलेल्या क्रमांकाचाच टर्बो बसवावा. दुरुस्त केलेला टर्बो घ्यायचा झाल्यास त्याचा दांडा यंत्रावर बॅलन्स केल्याची खात्री करावी. जुना टर्बो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. तेलाची नळी कार्बनने बुजली असेल तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जाईल. ऑईल व ऑईल फिल्टर त्याच वेळी बदलावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत स्वच्छ ऑईल घालावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धुराची मानके लागू झाली. या गाड्यांत हवेचा दाब, डिझेल आणि धूर यांवर संगणकाची नजर असते. भलताच टर्बो बसवला तर दाब जुळत नाही, दिवा लागतो आणि संगणक ताकद आपणहून कमी करतो. शिवाय कंपनीची हमी जाते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

टर्बोची निगा

* गाडी सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट रेस न देता चालू ठेवावी, म्हणजे ऑईल टर्बोपर्यंत पोहोचते.
* भार ओढून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालवून मगच बंद करावे. लगेच बंद केल्यास तापलेल्या टर्बोत ऑईल जळून कार्बन धरतो.
* ऑईल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचेच वापरावे. धुळीच्या भागात ते मुदतीआधी बदलावे.
* हंगाम सुरू होण्यापूर्वी, फवारणी पंप तपासतो त्याच दिवशी, वरील सात बाबींची तपासणी उरकावी.

माल खरोखरच गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त होत असेल तर तो दोन खेपांत न्यावा. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी मिळून मोठा टेम्पो ठरवणे हाही सोयीचा मार्ग आहे. मालाची वाहतूक कायमचीच वाढली असेल तर जास्त क्षमतेची गाडी घेण्याचा विचार करावा. लहान गाडीला मोठ्या गाडीचे काम सांगू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नये, असे आम्ही वारंवार सांगतो. गाडीलाही तोच नियम लावावा. आधी तपासणी करावी, उणे काय आहे ते शोधावे आणि मगच खर्च करावा. बहुतेक वेळा खर्च टर्बोचा नसतो, तो एका फाटलेल्या नळीचा असतो.