हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

पीएमपीच्या गर्दीत उभे असाल आणि ऐकायला जमत नसेल, तर आजचा एपिसोड इथे वाचा. विषय कोडिंगचा नाही, कपड्यांवरच्या डागांचा आहे. डिबगिंग मात्र आहे.

मागच्या हिवाळ्यात चुलतभावाचं लग्न झालं. लग्नानंतर नवं जोडपं जेजुरीला जातं, तसे आम्हीही सोबत गेलो. पुण्याहून साधारण ५० किलोमीटर. मी आजोबांचा पांढरा सुती सदरा घातला होता. आजोबा आता नाहीत, त्यांचा तेवढा एकच सदरा आजीने जपून ठेवलाय. गडावर भंडारा उधळतात, म्हणजे हळद. पायऱ्या उतरेपर्यंत सदरा पिवळाधमक!

घरी येऊन मी घाईघाईत तो भिजवला आणि साबण घासला. डाग चक्क लाल झाला. मला वाटलं, संपलं सगळं. आजी म्हणाली, "अरे, कुंकू केलंस की रे त्याचं!"

आजी अगदी बरोबर बोलली. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो. त्याला अल्कली लागली की ते लाल होतं. कपड्यांचा साबण अल्कलीच. पूर्वापार कुंकू करतात तेही हळदीत चुना मिसळूनच. म्हणजे लाल झालेला डाग पक्का झालेला नसतो, फक्त रंग बदललेला असतो. स्वच्छ पाण्याने साबण काढून लिंबाचं पाणी लावलं की तो परत पिवळा दिसतो.

मग घालवायचा कसा? दोन गोष्टी लक्षात ठेवा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतं. आणि उन्हात ते हळूहळू तुटतं, रंग उडतो.

म्हणून क्रम असा:
१. कोरडी हळद आधी झटका. ओली करून चोळू नका.
२. डागाखाली जुनं फडकं ठेवा आणि अल्कोहोलवालं सॅनिटायझर लावून वरून टिपा. गॅसजवळ हे करू नका.
३. भाजीचा, मिसळीच्या तर्रीचा डाग असेल तर त्यात तेलही असतं. तिथे भांड्यांचं लिक्विड लावा.
४. धुऊन ओला कपडा थेट कडक उन्हात टाका. गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

हे पांढऱ्या सुती कपड्यांसाठी. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत थेंबभर लावून बघा, कारण सॅनिटायझर आणि ऊन कपड्याचा रंगही नेऊ शकतात. पैठणी किंवा रेशमावर प्रयोग नको, सरळ ड्रायक्लीनरकडे द्या.

आणि एक गंभीर गोष्ट. क्लोरीनवालं ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबात नाही.

हाच विचार बाकीच्या डागांनाही लावा: आधी डाग कशाचा ते ओळखा. रक्ताचा असेल तर गार पाणीच वापरा, गरम पाण्याने त्यातलं प्रथिन गोठून धाग्याला चिकटतं.

सदऱ्याचं काय झालं? तीन दिवस गच्चीत वाळत घातला. पांढरा झाला, फक्त शिवणीत किंचित पिवळं राहिलंय. मी परत सॅनिटायझर काढलं तर आजी म्हणाली, "राहू दे रे, भंडारा आहे तो."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!