चेतापेशीतली एमआरएनएची ने-आण

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. एवढ्या लांब टोकाला प्रथिन हवं असेल, तर दरवेळी ते केंद्रकाजवळ बनवून धाडायचं? पेशी बऱ्याचदा प्रथिनाऐवजी त्याची कृती, म्हणजे एमआरएनएच पाठवते. एकाच प्रतीवरून तिथल्या तिथे अनेक रेणू बनतात. 1982 मध्ये ऑस्वल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांना मेंदूच्या पेशींत चेतासंधींच्या अगदी पायथ्याशी रायबोसोमचे पुंजके दिसले. प्रथिनांचे कारखाने, तेही केंद्रकापासून इतक्या दूर!

पण पत्ता कळतो कसा? बीटा-ॲक्टिन या प्रथिनाच्या एमआरएनएच्या शेपटीकडे 54 अक्षरांचा एक तुकडा असतो, त्याचा पिनकोडच म्हणा. झेडबीपी1 हे प्रथिन तो ओळखून एमआरएनएला चिकटतं. मग कायनेसिनसारखी मोटर प्रथिनं सूक्ष्मनलिकांवरून हे गाठोडं ओढत नेतात. वेग साधारण सेकंदाला एक मायक्रोमीटर. न थांबता मीटरभर जायचं तर अकरा-बारा दिवस लागतील! प्रत्यक्षात गाठोडी थांबतात, मागेही फिरतात.

मला सगळ्यात आवडतो तो यातला संयम. वाटेत झेडबीपी1 प्रथिननिर्मिती रोखून धरतं. मुक्कामी सार्क नावाचं विकर त्याला फॉस्फेट जोडतं, पकड सुटते आणि काम सुरू होतं. असाच आवर घालणारं एफएमआरपी नावाचं प्रथिन नसलं, तर फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार होतो.