रिकाम्या खुर्चीची गोष्ट

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर म्हटली, की आपली पहिली नजर जाते माळ्यावर. मोडकी खुर्ची, अडकणारे खण, जुनेर... 'काढा एकदाचं भंगारात!' असं आपण सहज म्हणतो. पण अशाच अडगळीतून जगभर नावाजलेली कला उभी राहिली आहे बरं का!

नेदरलँड्सच्या तेयो रेमी या डिझायनरने १९९१ साली टाकून दिलेले जुने खण गोळा केले, प्रत्येकाला नवी लाकडी चौकट केली आणि वेडेवाकडे रचून जाड पट्ट्याने आवळून टाकले. झालं कपाट! त्याला नाव दिलं, 'आठवणी खाली ठेवता येत नाहीत' अशा अर्थाचं. त्याच वर्षी त्याने चिंध्यांचे थर पट्ट्यांनी बांधून आरामखुर्ची केली. घेणाऱ्याला आपले जुने कपडेही त्यात घालता येत. मला तर लगेच आजीची गोधडी आठवली. आईचं लुगडं, आजोबांचं धोतर, सगळी माणसं एकाच पांघरुणात!

कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांनी तर खुर्च्यांनाच बोलतं केलं. नोव्हेंबर १९८५मध्ये बोगोटा शहरात बंडखोरांनी सर्वोच्च न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली. लष्कराने ती परत मिळवली, पण ६ आणि ७ तारखेच्या त्या धुमश्चक्रीत न्यायाधीशांसह कितीतरी जीव गेले, काहीजण बेपत्ता झाले. २००२मध्ये त्याच तारखांना, त्याच जागी साल्सेडो यांनी छतावरून भिंतीवर २८० रिकाम्या खुर्च्या हळूहळू खाली सोडल्या. ५३ तास हे मांडणशिल्प चाललं होतं. खुर्ची रिकामी दिसली, की तिथे बसणारं माणूस आठवणारच ना!

कामानिमित्त मी घरोघरी जाते. नवा सोफा आला, की आजींची ट्रंक, आजोबांची आरामखुर्ची कुणाला न विचारता मोडीत गेलेली दिसते. म्हातारी काही बोलत नाही, नुसती त्या कोपऱ्याकडे बघत राहते. घर लहान, सगळंच ठेवता येत नाही, हे मलाही कळतं. पण निदान एकदा विचारूया. 'आई, हे काढू का?' एवढंच. कदाचित एखादा खण त्या ठेवून घेतील, एखादी गोष्टही सांगतील. ऐकायला थोडा वेळ काढाल ना?