झाडाच्या पोटातलं धान्य

अस्मत लोकांचं नाव काढलं की संपादकांना मायकेल रॉकफेलर आठवतो. अमेरिकेतल्या गडगंज घराण्यातला हा तरुण नोव्हेंबर १९६१मध्ये न्यू गिनी बेटाच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, म्हणजे अस्मतांच्याच मुलखात, होडी उलटल्यानंतर बेपत्ता झाला. तो बुडाला की किनाऱ्याला लागल्यावर मारला गेला, यावर आजवर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाले. माझ्याकडूनही त्याच मसाल्याची अपेक्षा होती. पण अस्मतांच्या गावात पोचल्यावर ते जुनं गूढ मागे पडलं आणि मी एका बाईचं काम बघत बसलो. ती झाड कुटून पीठ काढत होती.

आधी तिथे जायचं कसं, ते सांगतो. हा मुलूख आता इंडोनेशियाच्या दक्षिण पापुआ प्रांतात येतो. प्रांत २०२२मध्ये नव्याने झाला. तिमिकाहून छोटं विमान एवेरच्या धावपट्टीवर उतरतं, तिथून होडीने अगात्स. हे जिल्ह्याचं ठाणं अख्खं खांबांवर उभं आहे. बाजार, चर्च, शाळा, कचेरी सगळं चिखलापासून हात-दोन हात वर, आणि रस्ते म्हणजे पूर्वी लाकडी फळ्यांचे, आता बरेचसे काँक्रीटचे पूल. त्यांवरून विजेवरच्या दुचाक्या आवाज न करता पळतात. अगात्सच्या पुढे मात्र लांब होडी आणि तिचं पेट्रोलवरचं इंजिन एवढंच वाहन. वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हातात. अराफुरा समुद्राचं पाणी नद्यांमधून मैलोन् मैल आत शिरतं आणि परत जाताना होडीला गाळात बसवून जातं. मग पुढच्या भरतीपर्यंत डास मारत बसायचं. या भूमीत दगड नाही. पोलादी हत्यारं येण्यापूर्वी कुऱ्हाडीचं दगडी पातंसुद्धा दूरच्या डोंगरी लोकांकडून देवघेवीत मिळवावं लागे.

इतिहास थोडक्यात उरकतो. त्या वेळच्या डच सरकारने अगात्सला १९३८मध्ये ठाणं टाकलं आणि दुसऱ्या महायुद्धात ते सोडून दिलं. १९५३मध्ये कॅथलिक मिशन कायमचं आलं, १९६३मध्ये इंडोनेशियाची सत्ता आली. गावागावांतल्या लढाया आणि शत्रूचं मुंडकं आणण्याची प्रथा मोडून काढली गेली, ते बरंच झालं. पण त्याच सपाट्यात सरकारी अधिकाऱ्यांनी सण-समारंभांवर बंदी घातली आणि पुरुषांची सामाईक लांब घरं, ज्यांना इथे ‘जेऊ’ म्हणतात, तीही जाळली. पुढे वारं फिरलं. १९७३मध्ये अगात्सला अस्मत कलेचं संग्रहालय उघडलं, कोरीवकामाच्या स्पर्धा आणि लिलाव सुरू झाले, जेऊ पुन्हा उभी राहिली.

कोरीवकामाबद्दल बोललंच पाहिजे, कारण जग अस्मतांना त्यावरूनच ओळखतं. त्यांच्या पुराणात फुमेरिपित्स नावाच्या मूळपुरुषाने लाकडाची माणसं कोरली आणि ढोल वाजवून त्यांच्यात जीव आणला. मेलेल्यांच्या नावाने कोरलेला बिस खांब तर बघत राहावा असा. झाड उलटं करून, एक आधारमूळ राखून ते वरच्या टोकाला पंखासारखं बाहेर काढतात आणि त्यात जाळी कोरतात. खाली पूर्वज एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे. रंग तीनच: भाजलेल्या शिंपल्यांचा पांढरा, मातीचा तांबडा, कोळशाचा काळा. रॉकफेलरने जमवलेले असे खांब न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नीट जपलेत. इथे मात्र समारंभ झाला की खांब साबूच्या वनात नेऊन टाकायचा आणि कुजू द्यायचा, म्हणजे त्यातली शक्ती साबूच्या झाडांत उतरते. एवढ्या मेहनतीचं काम शेवटी ज्याच्या चरणी ठेवतात, ते झाड आहे तरी काय, या कुतूहलाने मी त्या बाईपाशी पोचलो.

आपल्या उपासाचा साबुदाणा सेलमच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदापासून होतो. अस्सल साबू निघतो तो दलदलीत वाढणाऱ्या या ताडासारख्या झाडापासून. दहा-पंधरा वर्षं ते खोडात पिष्ट साठवत राहतं, एकदाच फुलतं आणि मरतं. फुलोरा येण्याच्या बेतात असतानाच ते तोडायचं. उशीर झाला तर सगळा साठा फुलांत जातो. नेमकी वेळ ओळखणं ही पारखी नजर.

पुरुषांनी झाड पाडून वरची साल फोडली होती. आत फिकट गुलाबी, ओलसर गर. बाई खोडाशी बसलेली, हातात कुदळीसारखं लाकडी हत्यार, त्याच्या टोकाला लोखंडी नळीचा तुकडा. एका लयीत घाव घालत ती गर खरवडत होती. भुसा पायाशी साचत होता आणि खोड आतून पोखरत चाललं होतं. जवळच झावळीच्या रुंद देठांचं पन्हळ उतरतं बांधलेलं, मध्ये तंतूंची गाळणी. तिने भुसा वरच्या पन्हळात टाकला, चिखलात खणलेल्या खड्ड्यातलं पाणी ओतलं आणि कणीक तिंबावी तसा तो मळून, दाबून पिळला. गाळणीतून दुधासारखं पाणी खालच्या पन्हळात उतरलं. चोथा फेकला, नवा भुसा, नवं पाणी. दुपारपर्यंत खालचं पाणी निवळलं. ते अलगद ओतून दिल्यावर तळाशी घट्ट पांढरा थर राहिला. एका चांगल्या झाडातून असं शंभर किलोंहून जास्त पीठ निघतं. ना नांगरणी, ना पेरणी. बुंध्यापाशी फुटलेले कोंब पुढची पिढी आपोआप वाढवतात.

त्या पिठाचा गोळा तिने थेट विस्तवावर ठेवला, वरची खरपूस साल काढून मुलाला दिली आणि उरलेला गोळा पुन्हा विस्तवात सारला. चव? मिठाशिवायच्या कोरड्या भाकरीच्या जवळपासची. पण साबू म्हणजे नुसतं पिष्ट. प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ती मासे, कोळंबी आणि अळ्या पुरवतात. काही खोडं मुद्दाम भोकं पाडून सोडून देतात, भुंगा त्यात अंडी घालतो आणि काही आठवड्यांनी गुबगुबीत अळ्या काढता येतात. कोकणातले बागायतदार नारळाचा काळ म्हणून ज्याला शिव्या घालतात, त्या सोंड्या भुंग्याच्याच कुळातला हा प्राणी. इथे त्याच्या अळ्यांशिवाय मोठा सण होत नाही.

मला यात दारिद्र्य दिसलं नाही. उलट हिशेब इतका चोख, की बिघाड कुठे असेल हे लवकर लक्षात येत नाही. तो आहे अंतरात. साबूची वनं गावापासून लांब, आणि प्रत्येक वन कुळाच्या मालकीचं. अख्खं कुटुंब मुलाबाळांसह होडीने निघतं आणि जंगलात तात्पुरती झोपडी बांधून आठवडेच्या आठवडे राहतं. शाळा, दवाखाना, नोंदवही मात्र गावात. मास्तर असतो तेव्हा मुलं नसतात. मुलं येतात तेव्हा मास्तर पगाराला अगात्सला गेलेला. लसीकरणाची होडी येते आणि बंद दारं मोजून परतते. जे गावातच राहतात त्यांच्या ताटात दुकानातला तांदूळ आणि मॅगीसारख्या शेवया आल्यात, त्यात अळ्याही नाहीत आणि मासेही कमीच. नदीचं पाणी मचूळ, म्हणून पिण्यासाठी पावसाचं पाणी पिंपांत साठवायचं. पाऊस लांबला की पंचाईत.

या सगळ्याचा परिणाम २०१७च्या अखेरीस दिसला. गोवराची साथ आली, आणि ती आधीच कुपोषित असलेल्या मुलांत. जानेवारी २०१८मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर करून सैन्याची वैद्यकीय पथकं पाठवली, तोवर बरीच मुलं गेली होती. साथ आटोक्यात येईपर्यंत मृतांचा आकडा सत्तरच्या घरात पोचला. गोवराची लस गेली कित्येक दशकं उपलब्ध आहे आणि ती स्वस्त आहे. खांब न्यायला इथवर बोटी आल्या, लाकूड न्यायला आल्या, अगरूच्या सुगंधी लाकडासाठी व्यापारी आले. लस तेवढी वेळेवर आली नाही.

साथीच्या काळातच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी विखुरलेल्या वस्त्या शहराजवळ आणून वसवण्याची कल्पना मांडली. जिल्हा प्रशासनानेच ती नाकारली, कारण प्रत्येक कुळाचा जमिनीवरचा हक्क वेगळा आणि एकाने दुसऱ्याच्या मुलखात जाऊन राहणं रीतीत बसत नाही. मला हा नकार हट्टाचा वाटत नाही. साबूचं वन सोडून अगात्सच्या फळ्यांवर आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं गिऱ्हाईक होतं, आणि तांदळाला रोकड लागते.

तेव्हा माणसं हलवण्यापेक्षा दवाखाना हलवावा. लस २ ते ८ अंश तापमानात सांभाळावी लागते; त्यासाठी शीतपेटी हवी, होडीला पेट्रोल हवं आणि कोणतं कुटुंब सध्या कोणत्या वनात आहे हे ठाऊक असलेला गावातलाच एक पगारी माणूस हवा. कलावस्तूंच्या लिलावात एका चांगल्या खांबाला जी किंमत येते, तिच्यापुढे हा खर्च मोठा नाही.