न दिसणारे किरण आणि डोळ्यांचे रक्षण

सूर्यग्रहणाच्या दिवशी आम्ही शिक्षक मुलांना बजावतो, "उघड्या डोळ्यांनी वर पाहू नका." मुले ऐकतात, कारण सूर्याने डोळे दिपतात हे त्यांना ठाऊक असते. १८९५ साली रंटगेन यांनी शोधलेल्या क्ष-किरणांनी मात्र डोळे दिपत नाहीत, चटका बसत नाही, पाणीही येत नाही. त्यामुळे त्यांच्या सान्निध्यात रोज काम करणारी जाणती माणसेही डोळ्यांविषयी गाफील राहतात.

हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढताना डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत सरकवतात व तिची वाट क्ष-किरणांच्या साहाय्याने पडद्यावर पाहतात. किरणांचा झोत रुग्णावर असतो. परंतु भिंतीवर पडलेल्या उन्हाने सारी खोली उजळावी, तसे त्यातील काही किरण रुग्णाच्या शरीरावरून चोहोकडे विखुरतात. डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांच्या अंगावर शिशाचा एप्रन असतो. डोळे मात्र पुष्कळदा उघडे राहतात.

डोळ्यातील भिंगाच्या जुन्या पेशी त्वचेप्रमाणे गळून पडत नाहीत. झालेली इजा तेथेच साठत जाते आणि काही वर्षांनी, बहुधा भिंगाच्या मागील बाजूस, मोतीबिंदू धरू लागतो. हा धोका पूर्वीच्या समजुतीपेक्षा अधिक आहे, असे आढळल्यावर २०११ साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा बदलून पाच वर्षांची सरासरी २० आणि कोणत्याही एका वर्षी ५० हून अधिक नाही, अशी शिफारस केली.

यावर उपाय म्हणजे शिसेयुक्त काचेचा चष्मा. नेहमीचा नंबरचा चष्मा येथे उपयोगी पडत नाही. शिवाय डॉक्टरांची नजर पडद्याकडे वळलेली असल्यामुळे किरण बाजूने आणि गालाखालूनही शिरतात. म्हणून चष्म्याला बाजूची झडप हवी, आणि तो चेहऱ्याला बेताचा बसावयास हवा. सैल चष्म्याने निम्मे काम वाया जाते. तो जड असतो, नाकावरून घसरतो, ही तक्रार खरी आहे. मागून पट्टा बांधल्यास ती पुष्कळ कमी होते. छताला टांगलेला शिशाच्या काचेचा पडदाही रुग्ण व आपण यांच्यामध्ये ओढून घ्यावा. एकट्या चष्म्यावर विसंबू नये.

असा चष्मा प्रत्येकाला त्याच्या मापाचा मिळावा, ही रुग्णालयाच्या चालकांची जबाबदारी आहे. तो खुंटीवर टांगून न ठेवता रोज डोळ्यांवर चढवणे, एवढे तर आपल्याच हाती आहे.