कूलर चालतो तिथं मांस वाळतं!

एप्रिल लागला की पुसदच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. एका चादरीवर कुरडया, दुसरीवर सरगुंडे, कठड्याला सांडगी मिरची, आणि सावलीत काठी घेऊन बसलेलं एखादं पेंगुळलेलं नातवंड. या सगळ्यात कुणी दोरीवर मांसाच्या लांब पट्ट्या टांगल्या, तर शेजारची काकू जिन्यातूनच विचारणार, “वो माय, हे कायचं वायवण घातलं वो?”

उत्तर सोपं आहे. हेही वाळवणच. दक्षिण आफ्रिकेत याला बिल्टाँग म्हणतात, इटलीत ब्रेसाओला, तुर्कस्तानात पास्तिर्मा. आपल्याकडेही याला एक जुनं नाव आहे, पण ते पाककृतीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. चला तर, दोरीवरची एकेक पट्टी काढून चाखू.

आधी कायदा, मग मसाला

जगभर हा पदार्थ मुख्यतः गोमांसाचा. महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यानं गाईच्या कत्तलीला बंदी घातली. विधिमंडळानं 1995 साली मंजूर केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. म्हणून पुसदच्या गच्चीवर हा प्रयोग बोकडाच्या मटणावर करायचा. मागच्या मांडीचं, चरबी नसलेलं मांस मागा. चरबी वाळत नाही, नुसती खवट होते.

आपलं नाव: चान्या

मराठवाड्यात आणि आसपासच्या भागात, दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळवायची जुनी रीत. त्या पट्ट्या म्हणजे चान्या. मोठं जनावर म्हटलं की मांस एकाच दिवशी भरपूर मिळणार, घरात फ्रीज नाही आणि पुढचा आठवडा रिकामा. मग उरलेलं सगळं दोरीवर. कडक झालेल्या चान्या मोडून मडक्यात भरायच्या आणि लागतील तशा इंगळावर भाजून किंवा कालवणात शिजवून भाकरीसोबत खायच्या. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात हे सगळं स्वयंपाकघर लिहून ठेवलं. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेलं. या पदार्थाला दुसरा इतिहासही आहे. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं आणि पुढे कितीतरी घरांच्या दोऱ्या कायमच्या उतरल्या. भुकेनं शिकवलेली कला स्वाभिमानानं खाली ठेवली. आज बिल्टाँगचं पाकीट मॉलमध्ये ‘प्रोटीन स्नॅक’ म्हणून ऐटीत मिरवतं, तेव्हा हे आठवलेलं बरं.

बिल्टाँगचा मसाला आपल्याच डब्यात

डच भाषेत ‘बिल’ म्हणजे पुठ्ठा आणि ‘टाँग’ म्हणजे जीभ. पुठ्ठ्याच्या मांसाची जिभेसारखी पट्टी, म्हणून बिल्टाँग. बैलगाड्यांतून आफ्रिकेच्या आतल्या भागात निघालेल्या डच वंशाच्या लोकांची ही शिदोरी. त्यात घालतात काय, तर मीठ, व्हिनेगर, मिरं आणि भाजून भरड केलेले धणे. ओळखीचा वास येतो ना? धण्यांशिवाय बिल्टाँग म्हणजे मेथीशिवाय मेथीचा लाडू.

आणि मेथीही आहेच!

तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराचा पास्तिर्मा प्रसिद्ध. मीठ लावून दाबून ठेवलेल्या मांसावर मेथीपूड, लसूण आणि तिखट यांचा जाड लेप देतात. ‘पास्तिर्मा’ शब्दातच दाबण्याची क्रिया आहे. हाच शब्द फिरत फिरत अमेरिकेत ‘पास्त्रामी’ झाला. खरी गंमत पुढेच आहे. नोव्हेंबरात थंडी पडता पडता मध्येच चार दिवस ऊन तापतं, त्या दिवसांना तुर्की लोक ‘पास्तिर्मा याझी’ म्हणतात, म्हणजे पास्तिर्माचा उन्हाळा. आपल्याकडे ऑक्टोबर हीट आहे, पण तिला एखाद्या पदार्थाचं नाव द्यायचं आपल्याला सुचलं नाही.

तांड्याच्या गोणीतलं मीठ

दोरी, वारं आणि मसाला असला तरी मीठ नसेल तर सगळं फुकट. विदर्भात समुद्र नाही. मग मीठ यायचं कसं? बैलांच्या पाठीवरून. बंजारा तांड्यांच्या लदेणीनं शतकानुशतकं धान्य आणि मीठ देशभर फिरवलं. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असं अनेक जण मानतात. आणि पुसद तालुका म्हणजे बंजारा तांड्यांचा मुलूख. 1963 ते 1975 अशी सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक इथल्याच गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, 1 जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. खाद्यसंस्कृतीवाल्यांनी त्याच दिवशी चिमूटभर मीठही ओवाळून टाकायला हरकत नाही.

मीठ नेमकं करतं काय?

मांसात सुमारे पंचाहत्तर टक्के पाणी असतं. जंतूंना मांसापेक्षा हे पाणीच जास्त प्यारं. मीठ काही पाणी बाहेर ओढतं आणि उरलेलं असं बांधून ठेवतं की जंतूंच्या तोंडाला लागत नाही. शास्त्रज्ञ याला ‘जलसक्रियता’ म्हणतात. ताज्या मांसाची जलसक्रियता 0.99 च्या आसपास असते. ती 0.85 च्या खाली गेली की विष तयार करणारे बहुतेक जंतू हात टेकतात. एक किलो मांसाला साधारण 25 ग्रॅम मीठ पुरतं. वाळून ते अर्धा किलो झालं की मीठ तेवढंच, पण खारटपणा दुप्पट. म्हणून कच्च्या मांसाची चव बघून मीठ वाढवू नका. तराजू काढा.

कूलरची कसोटी

आता पुसदकरांचा हुकमी पत्ता. मुंबईत डेझर्ट कूलर का चालत नाही? हवा आधीच ओली असते, ती आणखी पाणी पिणार कशी? आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी तहानलेली असते की ताटीतलं पाणी घटाघटा पिते आणि खोली गार होते. तीच तहानलेली हवा मांसातलंही पाणी पिते. थोडक्यात, जिथं कूलर चांगला चालतो तिथं मांस चांगलं वाळतं. फक्त चालू कूलरसमोर दोरी बांधू नका. तिथली हवा पोटभर पाणी पिऊनच बाहेर पडलेली असते.

मग मे महिन्यात करायचं का? थांबा!

इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. पापड पातळ असतो, कडक उन्हात तासाभरात आरपार वाळतो. बोटभर जाड मांस चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात टांगलं तर वरचं कातडं खटकन वाळून टणक होतं, आतलं पाणी आतच कोंडतं आणि आत सडायला सुरुवात होते. वर माश्यांचं लग्नघर. म्हणून दक्षिण आफ्रिकेतले जुने लोक बिल्टाँग हिवाळ्यात करत. आपल्यासाठी नियम असा: पट्टी पातळ असेल तर ऊन, जाड असेल तर वारं. चान्या पातळ, म्हणून त्या उन्हात जमल्या. बिल्टाँगसाठी मात्र पौष-माघाची कोरडी थंडी, सावली आणि खेळती हवा. श्रावणात तर विचारही करू नका. तेव्हा डब्यातल्या पापडालाही बुरशी येते.

एक पट्टी जवळून

मांसाचे तंतू ज्या दिशेनं धावतात त्याच दिशेनं बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब पट्ट्या कापा. किलोला 25 ग्रॅम मीठ, तीन-चार चमचे व्हिनेगर, दोन चमचे भाजून भरडलेले धणे, चमचाभर मिरं, आवडत असेल तर गुळाचा खडा किसून. सगळं चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पट्ट्या पुसून, एकीला दुसरी लागणार नाही अशा टांगा. वजन लिहून ठेवा. पहिल्या दिवशी पट्टी ओल्या रुमालासारखी लोंबते, दुसऱ्या दिवशी वरून चामड्यासारखी लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी काळपट तांबडी होते. वाकवली की चिरते आणि चिरेतून पांढुरके तंतू दिसतात. वजन निम्म्यावर आलं की झालं. खाताना मात्र तंतूंच्या आडवं कापायचं, नाहीतर जबड्याचाच व्यायाम. हिरवी-काळी बुरशी, चिकटपणा किंवा आंबूस घाण वास आला तर जीव न गुंतवता फेकून द्या.

आजीचा शहाणपणा

बिल्टाँग तसंच खातात. चान्या मात्र भाजून किंवा शिजवून खायची रीत, आणि त्यात शहाणपण आहे. नुसतं वाळवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे फक्त झोपतात. म्हणूनच अमेरिकेचा कृषी विभाग घरी मांस वाळवणाऱ्यांना सांगतो की आधी मांस 71 अंशांपर्यंत तापवा आणि मग वाळवा. आपण शेवटी तेलात परतू. विस्तवाशी गाठ पडल्याशी कारण.

बोंबलाची मिठी

मांसावरच कशाला, आपला खरा चॅम्पियन दोरीवर नव्हे, वलांडीवर असतो. वसई-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभारून कोळी बांधव बोंबील सुकवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वलांडीवर टाकायची. ना आकडा, ना क्लिप. ओला बोंबील जवळजवळ पाण्याचाच बनलेला, म्हणून सुकला की काडी होतो आणि थेट विदर्भाच्या आठवडी बाजारात येऊन झिंग्यांच्या ढिगाशेजारी बसतो.

दक्षिणेची माळ

तमिळनाडूत मटणाच्या तुकड्यांना मीठ-हळद लावून, सुईदोऱ्यात माळेसारखे ओवून उन्हात टांगतात. नाव उप्पुकंडम. ‘उप्पु’ म्हणजे मीठ. केरळात वाळलेलं मांस कुटून, परतून ‘इडियिरच्ची’ करतात. गोव्याच्या शोरीसाची माळ तर ठाऊकच आहे: डुकराचं मांस, व्हिनेगर, मिरची आणि ऊन.

मांसावरून युद्ध

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी वाळलेलं मांस कुटून त्यात वितळलेली चरबी मिसळत. त्याचं नाव पेमिकन. 1814 साली आजच्या कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीत पेमिकन बाहेर न्यायला बंदी घातली गेली आणि फरच्या व्यापाऱ्यांमध्ये काही वर्षं मारामाऱ्या चालल्या. इतिहासात त्याला पेमिकन युद्धच म्हणतात. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या अमुंडसेनच्या स्लेजवरही पेमिकन होतं. आणि ‘जर्की’ हा इंग्रजी वाटणारा शब्द मुळात पेरूच्या डोंगरातला, क्वेचुआ भाषेतल्या ‘चार्की’चा.

संसदेत फुटलेलं हसू

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात वाळवलेल्या मांसाला ब्युंडनरफ्लाइश म्हणतात. सप्टेंबर 2010 मध्ये अर्थमंत्री हान्स-रुडॉल्फ मेर्त्स संसदेत मसालेदार मांसाच्या आयात शुल्कावरचं सरकारी उत्तर वाचत होते. भाषा इतकी किचकट की वाचता वाचता त्यांनाच हसू आवरेना. ‘ब्युंडनरफ्लाइश’ शब्दापाशी तर ते पुरते कोसळले आणि सगळं सभागृह त्यांच्यासोबत खिदळलं. व्हिडिओ जगभर गाजला. सरकारी परिपत्रकाची मराठी वाचलेल्या माणसाला त्यांचं दुःख लगेच कळेल.

सॉसेजपासून सौंदर्यापर्यंत

लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणजे सॉसेज. नीट न टिकवलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेवर जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी 1820 च्या दशकात अभ्यास केला, आणि त्या आजाराचं नाव बोटुलिझम पडलं. पुढे त्याच विषाचा अगदी सूक्ष्म डोस सुरकुत्या घालवायला वापरू लागले, तो बोटॉक्स! मांसाला गुलाबी रंग देणारा आणि हे विष तयार करणाऱ्या जंतूला अडवणारा जुना उपाय म्हणजे सोरा. बिहारचा सोरा एके काळी जहाजं भरून युरोपात जात असे, मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. घरी मात्र सोरा-बिरा अंदाजपंचे घालायला जाऊ नका. बारीक खिमा भरलेल्या सॉसेजच्या पोटात हवा नसते, म्हणून तिथं हा धोका जास्त. मोकळ्या टांगलेल्या पट्टीला मीठ, व्हिनेगर आणि वारं पुरेसं.

जाता जाता

होळी सरली की पुसदमध्ये माळ्यावरून कूलर खाली येतो आणि पाऊस लागला की परत वर चढतो. यंदा चढवू नका. पौषात त्याच्या ताट्या काढा, टाकीत पाणी भरू नका, आत दोन सळया आडव्या घाला, मागे माश्यांसाठी जाळी लावा आणि पंखा सगळ्यात हळू ठेवा. शहरी लोक ज्या ‘बिल्टाँग बॉक्स’साठी पैसे मोजतात, तो तुमच्या घरात आधीपासूनच धूळ खात पडलाय. पाचव्या दिवशी वास जिन्यातून खाली उतरेल आणि काकू वर येतील. तेव्हा तव्यावर चार पट्ट्या परतून, ज्वारीच्या भाकरीसोबत ताटली पुढे करा आणि सांगा, “वायवणच हाय काकू, फक्त थंडीतलं.”